कासवावर गोडं पाणी

पहाटेचा दिवा लावून, तुळशीला पाणी घालून मी कळशी घेऊन विहिरीवर गेले, तर सासूबाई आधीच काठावर येऊन बसलेल्या. शेजारी पोहरा होता. हाच पोहरा त्यांनी आठवडाभर कुठंतरी दडवला होता आणि आम्ही आमच्या होडीवरचा खलाशी दाऊदभाय याच्या घरून दोर-बादली आणून पाणी भरत होतो.

मी थांबले. वाटलं, आता पुन्हा तेच होणार. "पाणी दिलंत म्हणजे तो गेला हे तुम्हीच कबूल केलंत," असं आपल्या मुलाबद्दल म्हणून त्यांनी मामंजींशी बोलणं टाकलं होतं.

त्यांनी माझ्या हातातली कळशी घेतली. स्वतः पाणी शेंदलं, कळशी काठोकाठ भरली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हिला ओलं फडकं गुंडाळ. ऊन चढलं की तापंल. त्याला कोमट पाणी घशाखाली उतरत नाय."

मी "हो" म्हटलं. त्या पदर सावरत मागच्या दारानं आत गेल्या.

आमच्या बंदरवाडीत रीत आहे. समुद्रात गेलेला माणूस हाती लागला नाही, तर वर्ष भरायच्या आत त्याच्या घरच्या विहिरीचं गोडं पाणी तो बुडाला त्या जागेवर नेऊन ओतायचं. खाऱ्या पाण्यात तो तहानलेला असतो म्हणतात. जागा मात्र तीच लागते. बाजूला ओतलेलं पाणी समुद्र पितो, माणसाला पोचत नाही. गुरुजींनी बाकीचे विधी केव्हाच करून दिले होते. ते म्हणाले, शास्त्रात हे असं काही नाही, झालं तेवढं पुरे. मला पुरे वाटत नव्हतं. पाणी पोचेपर्यंत मी मीठ सोडलं होतं.

आमचे हे कासवावर बुडाले एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. कासव म्हणजे बंदराबाहेर पाण्याखाली पसरलेलं मोठं खडप, सलग खडक. पाण्याच्या वर ते कधीच येत नाही. त्याचा होडीला लागेल इतका उंच भाग एकच, आणि तो नेमका कुठं हे सांगणारा एकच माणूस उरला होता, माझे सासरे धाकू तांडेल, जन्मभर होडीचं सुकाणू धरलेले. पण त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. समोरच्या माणसाला ते आवाजावरून ओळखत.

"माझ्या भाच्याच्या ट्रॉलरवर ते नवं यंत्र हाय, काका," दाऊदभाय आदल्या संध्याकाळी म्हणाला होता. "आकडे दाखवतं. मागून आणू काय?"

"त्या यंत्राला हरशा कुठं बुडाला ते ठाऊक हाय?"

"त्याला कसं असंल? आपण आधी तिथं न्यायचं, मग ते लक्षात ठेवतं."

"मग नेणार कोण?" मामंजी म्हणाले. "त्यापेक्षा सूनबाय येईल. तिचे डोळे, माझी खूण."

दाऊदभाय माझ्याकडे बघायला लागला. बाईमाणसानं होडीत पाय ठेवायचा नाही, ही रीतसुद्धा आमच्याकडे होतीच. पण पाण्यातल्या जागांच्या खुणा घराबाहेर जाऊ द्यायच्या नाहीत ही रीत तिच्याहून मोठी होती. आणि घरात दुसरं कोणी नव्हतं.

*

भरती पूर्ण चढलेली असताना आम्ही निघालो. होडी दाऊदभायची. इंजिनावर तो, मागं सुकाणूवर मामंजी, आणि त्यांच्या पायाशी मी, मांडीत कळशी धरून. मतलई वारा पाठीशी होता. बंदराचं तोंड ओलांडलं.

मग दाऊदभायनं इंजिन बारीक केलं, उठला आणि जमिनीकडे पाठ करून, तोंड पश्चिमेला करून बसला. वर मोठ्यानं काहीतरी गुणगुणायलाही लागला.

"हे काय?" मी हळूच विचारलं.

"तांडेल खूण बघायला लागला की खलाशानं पाठ करायची," मामंजी म्हणाले. "आणि कान बंद ठेवायचे. हा गातो. गातो कसला, रेकतो. माशे पळतात ह्याच्यामुळं."

"माशे माझ्या गाण्यावर येतात, वैनी," दाऊदभाय पाठमोराच म्हणाला. "काकांच्या शिव्यांनी पळतात. हरशाला विचारा वाटल्यास."

बोलून गेला आणि त्याचं गाणंच थांबलं.  त्या दिवशी होडीवर हे आणि दाऊदभाय असे दोघंच होते. दाऊदभाय जाळ्याच्या बोयांना धरून तरंगत राहिला आणि सापडला. हे नाही सापडले. वर्षभर तो आमच्या दारात येई, अंगणातच बसे, चहा घेई आणि उठून जाई. आत कधी आला नाही.

"वेणू," मामंजी म्हणाले. "आता जमिनीकडं बघ. देवीच्या देवळाचं शिखर दिसतं?"

"दिसतं. पांढरं आहे."

"त्याच्या मागं डोंगर. डोंगराला खिंड पडलीय. शिखर खिंडीत हाय का बाजूला?"

"बाजूला. उजव्या हाताला."

त्यांनी सुकाणू जरासं ओढलं. "आता?"

"जवळ आलं. अजून थोडं... बसलं. खिंडीच्या अगदी मधोमध बसलं, मामंजी."

"मग ही ओळ धरायची. शिखर हललं की सांगायचं. डावीकडं हललं तर डावीकडं, उजवीकडं तर उजवीकडं. दुसरं काय बोलू नको."

मी बघत राहिले. रोज ज्या देवीला मी फुलं वाहते तिला एवढ्या लांबून कधी पाहिलं नव्हतं. तिच्या पायरीवर उभी राहून मी समुद्राकडे तोंड करून ह्यांच्यासाठी हात जोडत असे. इकडून तीच पायरी दिसतसुद्धा नव्हती. दिसत होता तो एक पांढरा ठिपका, आणि त्या ठिपक्यावर सगळे घरी येत होते. मी मनात नाम घेत होते आणि तोंडानं "डावीकडं", "बसलं", "बसलं" म्हणत होते.

मामंजी समजावून सांगायला लागले. आवाज खाली, माझ्या कानापुरता. पाण्यावर वाट नसते, पण जमिनीवरच्या दोन वस्तू एकीमागं एक आल्या की त्यांच्यातून एक ओळ निघते आणि तीच वाट. तशीच दुसरी ओळ दुसऱ्या बाजूनं आली आणि पहिलीला जिथं कापून गेली, ती जागा. "मग तिथं रात्री झोपेत जरी नेऊन सोडलं तरी ओळखशील."

मला ते ऐकून दचकायला झालं. हेच शब्द मी आधी ऐकले होते. अंगणात जाळं विणताना, सुई हातात नाचवत हे मला म्हणाले होते, "रात्री झोपेत सोडलं तरी ओळखीन." खुणा जमिनीवर उच्चारायच्या नसतात. पण ह्यांच्या पोटात काही राहत नसे. मामंजींनी खुणा दिल्या त्या संध्याकाळी इतका आनंद झाला होता की मला सांगितल्याशिवाय जेवले नाहीत. देऊळ खिंडीत, आणि दक्षिणेला बुरुजामागून ताडाची जोडी सुटलेली. "बाबांनी सगळं दिलं मला, वेणू. सगळं." मी कानांवर हात ठेवले होते. म्हटलं, देवी ऐकते, गप्प बसा.

म्हणून माझी नजर आपोआप दक्षिणेला गेली.

"ताडाची जोडी अजून चिकटलेली आहे, मामंजी. एकच झाड दिसतं."

बोलल्यावर मला कळलं मी काय बोलले ते.

सुकाणूवरचा त्यांचा हात थांबला. "ताडाचं तुला कुणी सांगितलं?"

मी कळशीवरचं फडकं पुन्हा गुंडाळायला लागले.

"मी तर नाय सांगितलं. हरशानं?"

"हो."

"जमिनीवर?"

"अंगणात."

मला वाटलं आता होडी फिरवतील. ते नाकातून हसल्यासारखे झाले. "त्याच्या आयशीचा गुण. तिच्याही पोटात काय राहत नाय." मग जरा थांबून म्हणाले, "ताड सोड आता. ताड माशांच्या जागेसाठी. ती जागा पुष्कळ पुढं हाय. आपल्याला तिथं नाय जायचं."

"मग आपली दुसरी ओळ कुठली?"

 मी वर त्यांच्याकडे पाहिलं. डोळे मिटलेले होते आणि तोंड जमिनीकडे, जणू मिटल्या डोळ्यांनी तेच बघत होते.

"उत्तरेला कडा हाय ना, पाण्यात आलेला," ते म्हणाले. "त्याच्या टोकाशी बघ. टोकामागून काळा दगड बाहेर येईल. बैल बसलाय असा. अजून नाय दिसायचा. दिसायला लागला की सांग."

"काळा दगड?"

"हां."

मी कड्याकडे बघत राहिले. मध्येच देऊळ बघायचं, मध्येच कडा. हातातली कळशी थंड होती, फडक्याचं पाणी माझ्या लुगड्यात झिरपत होतं. डोक्यात एकच फिरत होतं. हे म्हणाले होते, सगळं दिलं. देऊळ आणि ताड. दगडाचा शब्द नव्हता त्यात.

"मामंजी, ही खूण कशासाठी?"

"घरी येण्यासाठी," ते म्हणाले.

मी थांबले. त्यांना पुढं बोलायचं होतं हे मला कळत होतं, आणि बोलवत नव्हतं हेही.

"देवळाची ओळ सरळ कासवावरून जाते," शेवटी ते म्हणाले. "भरतीला जाताना काय नाय, पाणी खूप असतं, होडी वरून निघून जाते. ओहोटीला, होडी माशांनी भरलेली असली, की लागतं. म्हणून येताना दगडावर नजर ठेवायची. दगड कड्याआड जायच्या आत ओळ सोडायची, दक्षिणेला वळसा घ्यायचा. दगड झाकला तरी ओळीवरच असलास, तर मग कासव पोटाखाली आलं."

"आणि येताना तुम्ही वळसा घ्यायचात तेव्हा ते होडीवर नसायचे?"

"असायचा की. पुढच्या टोकाला, नाळेत. जाळं आवरायला लावायचो मी त्याला त्या वेळी, जमिनीकडं पाठ करून." त्यांचा आवाज आता माझ्याही कानाला जेमतेम पोचत होता. "शेवटची खूण तांडेल शेवटी देतो, वेणू. ज्या दिवशी सुकाणू सोडतो त्या दिवशी. ती दिली की मग तो तांडेल नाय. माझ्या बापानं मला दिली आणि दुसऱ्या दिवसापासून किनाऱ्यावर बसला. पुन्हा होडीत नाय चढला."

"तुम्हाला त्या दिवशी ताप होता," मी म्हणाले. "म्हणून ते एकटे गेले."

"ताप नव्हता."

लाटेनं होडी जराशी वर उचलली आणि खाली ठेवली.

"त्या पावसाळ्यापासून मला देऊळ दिसत नव्हतं," ते म्हणाले. "अंदाजानं न्यायचो. कुणाला कळू दिलं नाय. हवा धुरकट झाली त्या दिवशी तर माझा हातच दिसंना. म्हटलं ताप आलाय, तूच जा. त्यानं विचारलं, बाबा, काय राहिलंय का सांगायचं? मी म्हटलं, नाय. आज एक दिवस जाईल, म्हटलं. उद्या ऊन पडंल, उद्या मला दिसंल."

 मला ओरडायचं होतं, आणि मला ओरडता येत नाही. देवळात, घरात, कुठंच माझा आवाज कधी चढलेला नाही. त्याच वेळी कड्याच्या टोकामागून एक काळी कड पाण्यावर आली आणि हळूहळू बैलाचं वशिंड व्हावं तशी मोठी झाली.

"दगड आला," मी म्हणाले.

"दाऊद, बंद कर," मामंजी ओरडले.

इंजिन थांबलं. ओहोटी लागली होती, पाणी आम्हाला धरून ओढत होतं. दाऊदभायनं पाठमोरं राहूनच वल्हं घेतलं आणि होडी जागेवर रोखली. मामंजींनी दोरी माझ्या हातात दिली. टोकाला शिशाचा ओळंबा, त्याच्या खालच्या खळग्यात मेण भरलेलं.

"सोड. तळ लागला की कळंल हाताला."

मी सोडलं. दोरी पुष्कळ गेली. वर ओढून मेणाला हात लावला, तर काळा मऊ चिखल.

"चिखल आहे."

"मग पुढं आलो. दाऊद, दोन हात मागं."

पुन्हा सोडलं. दोरी कमी गेली. मेणाला शिंपल्यांचा चुरा चिकटला होता. मामंजींनी तो बोटांनी चाचपला, वास घेतला. "कासवाची शेपटी. अजून जरा."

तिसऱ्यांदा शिसं हातातून सुटलं आणि लगेच थडकलं. इतकं लगेच की मला वाटलं होडीलाच लागलं. मी ओढून घेतलं. मेणावर काहीच नव्हतं. एक ओरखडा होता फक्त.

"काहीच नाही, मामंजी. कोरं आहे."

"काहीच नाय ना?" त्यांनी मेणावरून अंगठा फिरवला. ओरखड्याशी थांबवला. "नुसता खडक. हीच."

दाऊदभायचे खांदे हलायला लागले. तो तसाच पश्चिमेकडे तोंड करून वल्हं मारत राहिला.

मी उठले. मामंजींनी माझं मनगट धरलं, मी पडू नये म्हणून. फडकं सोडलं. कळशी अजून गार होती. पाणी ओतताना गेलेल्याला नावानं हाक मारायची असते, तीही पुरुषमाणसानं. मी मामंजींकडे पाहिलं. त्यांनी तोंड उघडलं, ओठ हलले, आवाज आला नाही. पुन्हा एकदा प्रयत्न केला. मग मान हलवली.

मी ह्यांचं नाव लग्नात उखाण्यात घेतलं होतं. त्यानंतर कधी नाही.

"हरिश्चंद्र," मी म्हणाले. "पाणी घ्या."

पाणी सावकाश ओतलं. गोडं पाणी खाऱ्यात पडलं की क्षणभर तेलासारखं वेगळं दिसतं, थरथरतं, मग दिसेनासं होतं. कळशी रिकामी होईपर्यंत मी बघत होते. घराकडचं थोडं पाणी त्यांनी घेतलं की नाही हे देवाला ठाऊक, पण जागा चुकली नव्हती, एवढं मला ठाऊक होतं.

मी खाली बसले. मामंजींनी माझं मनगट सोडलं नव्हतं.

"घरी सांगशील?" त्यांनी विचारलं. "तिला?"

सासूबाई पहाटे विहिरीवर कशा बसल्या होत्या ते मला दिसलं. "आईंना नाही सांगणार," मी म्हणाले. "त्यांना अजून एक घाव कशाला?"

त्यांनी मान खाली घातली. त्यांना वाटलं, तेवढ्यावर झालं.

"पण गप्पही बसणार नाही मी," मी म्हणाले, आणि आवाज चढवला नाही. "दाऊदभाय, इकडं वळा."

तो हलला नाही. "वैनी, काका खूण बघतायत अजून."

"म्हणूनच वळा. जमिनीकडं तोंड करा."

"आमच्या घराण्यात कधी नाय असं, वैनी. माझ्या बापानं सुद्धा..." त्याचा आवाज फाटला. "त्या दिवशी पण मी पाठ करूनच बसलो होतो. हरशा खूण बघत होता, मी गात होतो. खालून ठोका बसला तेव्हा मी गात होतो."

मामंजी माझं मनगट घट्ट धरून होते. मी वाट बघितली. ते नको म्हणाले असते तर काय केलं असतं मला सांगता येणार नाही. माझ्या सासऱ्यांच्या शब्दाबाहेर मी कधी गेले नव्हते. त्यांच्या बापाची, आजाची खूण मी पाण्यात टाकत होते, आणि ती माझी नव्हती.

हळूहळू त्यांची बोटं सैल झाली.

"वळ रे दाऊद," ते म्हणाले. "ती सांगते ते बघून घे. तुझी पोरं बघतील, त्यांची बघतील. बंदरात सगळ्यांना सांग." आणि सुकाणूवरून उठले. वाट चाचपडत, होडीच्या कडेला धरत ते पुढं गेले आणि नाळेत जाऊन बसले, जमिनीकडे पाठ करून.

दाऊदभाय वळला. किती वर्षांनी, मला ठाऊक नाही. त्याचा चेहरा भिजून गेला होता, डोळे लालबुंद.

"देवीचं शिखर खिंडीत आहे," मी म्हणाले. "आणि उत्तरेला कड्याच्या टोकाशी काळा दगड. बैल बसल्यासारखा. तो झाकला जायच्या आत वळायचं. बघा."

त्यानं बघितलं. हाताच्या पंजानं डोळे पुसले, पुन्हा बघितलं.

"वैनी, मला काय दिसत नाय," तो म्हणाला. "सगळं पाणीच दिसतंय."

"दिसेल," मी म्हणाले. "घाई नाही. दिसेपर्यंत थांबू."